रूट ६६ हिवाळ्यात: आधी उंची बघा, मग नकाशा

११ नोव्हेंबर १९२६ रोजी अमेरिकेच्या महामार्गांना क्रमांक मिळाले, आणि शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वाट्याला ६६ आला. २०२६ हे त्याचं शंभरावं वर्ष. मुलांना डिसेंबरात सुट्टी असते, त्यामुळे या विषयावरची बहुतेक पत्रं हिवाळ्यातल्या प्रवासाबद्दलच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आधीच एक खुलासा: खाली ‘स्नो’ म्हणजे आकाशातून पडणारा भुसभुशीत, आणि ‘बर्फ’ म्हणजे रस्त्यावर गोठून बसलेला कडक. गाडीच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्राणी आहेत.

प्रश्न: आम्ही चौघं (मुलं १२ आणि ९ वर्षांची) २० डिसेंबरला शिकागोहून निघून आठ दिवसांत सँटा मोनिका गाठणार आहोत. गूगल ३० तास दाखवतं, म्हणजे रोज चार तासही होत नाहीत. जमेल ना? — नेपरव्हिल, इलिनॉय

ते ३० तास रूट ६६चे नाहीत, इंटरस्टेटचे, म्हणजे जुन्या रस्त्याची जागा घेतलेल्या वेगवान महामार्गांचे आहेत. रूट ६६ हा क्रमांक जून १९८५मध्ये अधिकृतपणे रद्द झाला. आज जे उरलं आहे ते तुकडे आहेत: कुठे गावाचा मुख्य रस्ता, कुठे राज्य महामार्ग, कुठे इंटरस्टेटला चिकटून धावणारा बाजूरस्ता, आणि कुठे शेताच्या कुंपणापाशी अचानक संपणारं काँक्रीट. जुन्या मार्गाची एकूण लांबी २,४४८ मैल धरतात. त्यावर गावं, सिग्नल, चुकलेली वळणं आणि मुलांची ‘इथे थांबूया’ धरून दिवसाला १५० ते २०० मैल होतात. म्हणजे चौदा दिवस, तेही हवा चांगली राहिली तर.

त्यात दिवस लहान. डिसेंबरच्या शेवटी शिकागोत साडेचारच्या आत सूर्य मावळतो, टल्सात सव्वापाचला. अंधारात इंटरस्टेट चालवता येतो. जुना रस्ता चालवून काही दिसत नाही आणि काही दिसलं तर ते हरीण असतं.

आठच दिवस असतील तर अर्धाच रस्ता घ्या, आणि तो पश्चिमेकडचा घ्या. अल्बुकर्कीपर्यंत विमानाने जा, तिथे गाडी भाड्याने घ्या आणि लॉस एंजेलिसला सोडा. सरळ गेलं तर हे ८०० मैलांच्या आत आहे. जुने तुकडे आणि ग्रँड कॅन्यन धरून हजाराच्या पुढे जातं. आठ दिवसांत ते नीट बसतं आणि एक दिवस राखीव राहतो. हिवाळ्यात राखीव दिवस ही चैन नाही, तिकिटाइतकीच गरज आहे.

आता महत्त्वाचं. अनेकांना वाटतं की शिकागो सोडून नैर्ऋत्येला निघालो की थंडी मागे पडत जाते. अक्षांशाने बघितलं तर तसंच वाटतं, पण या रस्त्यावर उंची बघायची असते. शिकागो सुमारे ६०० फुटांवर, सेंट लुइस ५०० च्याही खाली, टल्सा ७००. तिथून चढ सुरू होतो: ॲमरिलो ३,६००, अल्बुकर्की ५,३००, म्हणजे जवळजवळ कळसूबाईचं शिखर. गॅलप ६,५००. गॅलपच्या अलीकडे कॉन्टिनेंटल डिव्हाइडपाशी (खंडाच्या पाणलोटाची विभाजक रेषा) रस्ता ७,२०० फुटांच्या वर जातो आणि फ्लॅगस्टाफच्या पश्चिमेला ७,३०० च्या वर. ॲमरिलो, अल्बुकर्की आणि फ्लॅगस्टाफ ही तिन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी वर्षाला शंभर इंचांच्या आसपास स्नो पडतो तो फ्लॅगस्टाफला. मग दोनशे मैलांत उतार लागतो आणि नीडल्सला तुम्ही ५०० फुटांवर असता, बहुधा स्वेटर काढून.

म्हणून वेळापत्रक करताना प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहा. ६,००० फुटांच्या वरचे टप्पे सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये पार करायचे, हा एक नियम पाळलात तरी अर्धी काळजी मिटते.

प्रश्न: इंटरस्टेट बंद पडला तर शेजारचा जुना ६६ वापरून पुढे जाता येतं का? — सेंट लुइस, मिझुरी

नाही. उलट करायचं असतं. स्नो काढणाऱ्या गाड्या आधी इंटरस्टेटवर फिरतात. बाजूरस्ते आणि गावांतले रस्ते नंतर, कधी दुसऱ्या दिवशी. इंटरस्टेट बंद झालाय म्हणजे जुना रस्ता त्याच्याआधीच बंद आहे, फक्त तिथे फाटक टाकायला कुणी उभं नाही. हिवाळ्यात हवा चांगली असेल तर जुना रस्ता, शंका आली की इंटरस्टेट, आणि इंटरस्टेटवर शंका आली की मोटेल.

प्रश्न: आमची कॅमरी आहे, ऑल-सीझन टायर आहेत. आम्ही फ्रीमाँटहून बार्स्टोमार्गे फ्लॅगस्टाफ आणि पुढे सँटा फेपर्यंत जाणार आहोत. स्नो टायर घ्यावे लागतील का? चाकांवर चढवायच्या साखळ्या? आणखी काय तयारी? — फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

एका सहलीसाठी स्नो टायर घेण्याची गरज नाही, पण टायरची कडा वाचा. ‘एम प्लस एस’ एवढंच लिहिलं असेल तर तो टायर चिखल-स्नोसाठी आहे, असं म्हणणारा तो उत्पादकच. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असेल तर त्या टायरची स्नोवर प्रत्यक्ष चाचणी झालेली असते. दुसरं, खाच किती उरली आहे ते मोजा. कायद्याला इंचाचे २/३२ पुरतात; स्नोमध्ये ५/३२ च्या खाली गेलेला टायर घसरगुंडी समजा. क्वार्टरचं (२५ सेंटचं) नाणं वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत घाला. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसत असेल तर ४/३२ किंवा त्याहून कमी उरलंय, निघण्याआधी टायर बदला.

हवेचा हिशोब थोडा गमतीचा आहे. तापमान दर १० अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरचा दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो. फ्रीमाँटच्या ६० अंशांतून १० अंशांत गेलात तर ५ पीएसआय गेले. पण चढताना बाहेरची हवाही विरळ होते, त्यामुळे दर हजार फुटांमागे गेजवर अर्धा पीएसआय वाढलेला दिसतो. (चिवड्याचं बंद पाकीट फ्लॅगस्टाफला टम्म फुगतं ते याच कारणाने.) म्हणून दाबाचा पिवळा दिवा उंचावर लागतोच असं नाही, तो जास्त करून कमी उंचीवरच्या थंड मैदानात, म्हणजे ओक्लाहोमा-मिझुरीकडे, सकाळी लागतो. हवा भरायची ती सकाळी गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो वापरू नका.

कॅलिफोर्नियातल्या गाड्यांत हमखास चुकतं ते काच धुण्याचं पाणी. तिथल्या टाकीत निळं, उन्हाळी द्रावण किंवा चक्क साधं पाणी असतं. फ्लॅगस्टाफच्या चढावर पुढच्या ट्रकने मिठाचं राखाडी पाणी काचेवर उडवलं, तुम्ही फवारा मारला, आणि ते काचेवरच गोठलं की ६५ मैलांच्या वेगात समोरचं दिसेनासं होतं. टाकी रिकामी होईपर्यंत फवारा मारा आणि उणे २० फॅरनहाइट लिहिलेलं द्रावण भरा. भरल्यावर पुन्हा दहा-बारा सेकंद फवारा सोडा, नाहीतर नळीत जुनंच राहतं आणि गोठून नळी फुटते. जास्तीचं एक गॅलन डिकीत ठेवा. खराब हवेच्या एका दिवसात अर्धं संपतं.

बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर ऑटो पार्ट्सच्या दुकानात तपासून घ्या, बरीच दुकानं पैसे घेत नाहीत. थंडीत बॅटरीची ताकद उतरते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. दोन्ही एकाच सकाळी घडतं. काचेवरचा बर्फ खरवडायला प्लास्टिकचं खरवडणं आणि ब्रश घ्या. गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

साखळ्या: स्वतःची गाडी असेल तर टायरच्या मापाच्या घ्या आणि घरासमोर, कोरड्यात, एकदा चढवून बघा. कॅमरी पुढच्या चाकांवर चालते, साखळ्या पुढच्या चाकांवरच. गाडीच्या पुस्तिकेत कोणत्या प्रकारच्या चालतात ते लिहिलेलं असतं, कारण चाक आणि सस्पेन्शनमध्ये जागा कमी असते. साखळीवर ताशी ३० मैलांच्या पुढे जायचं नाही आणि कोरडा डांबरी रस्ता लागताच उतरवायच्या. खरं सांगायचं तर ज्या दिवशी या मार्गावर साखळ्या लागतील, त्या दिवशी फ्लॅगस्टाफमध्ये थांबून कॉफी पिणं जास्त शहाणपणाचं.

फ्लॅगस्टाफला मुक्काम असेल तर एक स्थानिक नियम: १ नोव्हेंबर ते १ एप्रिल मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत शहराच्या रस्त्यांवर गाडी उभी करता येत नाही, स्नो काढणाऱ्या गाड्यांसाठी. आकाश निरभ्र असलं तरी दंड होतो.

न्यू मेक्सिकोत पंपावर ‘रेग्युलर’ बटणावर बहुधा ८६ हा ऑक्टेनचा आकडा दिसेल. गाडीच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलं असेल तर मधलं बटण दाबा. आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

प्रश्न: ‘ब्लॅक आइस’ (रस्त्यावरचा बर्फाचा पातळ, पारदर्शक थर) दिसत नाही म्हणतात. मग ओळखायचा कसा? — टल्सा, ओक्लाहोमा

तुमच्याच राज्यात हा प्रश्न सर्वांत खरा आहे. ओक्लाहोमा आणि मिझुरीत स्नोपेक्षा गोठणारा पाऊस जास्त त्रास देतो. वरच्या थरात उबदार, ओलसर हवा, जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर: पाऊस पाण्याच्या रूपातच खाली येतो आणि ज्याला टेकेल तिथे गोठतो. झाडं, तारा, पायऱ्या, रस्ता, सगळ्यावर काचेचा मुलामा. यात चार चाकांना जोर देणारी गाडी असली तरी थांबताना तिचा काही उपयोग नाही. चारही चाकं सारखीच घसरतात.

ओळखण्याच्या खुणा अशा. तापमान ३६-३७ अंश फॅरनहाइटच्या खाली आलं की लक्ष ठेवा. डॅशबोर्डवरचा आकडा हवेचा असतो, रस्ता त्याहून थंड असू शकतो. ओला दिसणारा रस्ता आहे पण पुढच्या गाडीच्या चाकांमागून तुषार उडायचे थांबले, तर ते पाणी आता पाणी नाही. आरशाच्या पुढच्या कडेवर किंवा अँटेनावर बर्फ साठतोय का बघा. टायरचा आवाज एकदम शांत झाला आणि स्टिअरिंग हलकं लागलं, तर तुम्ही त्यावर आलेलाच आहात.

पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. जुन्या ६६वर पुलांची कमी नाही. ओक्लाहोमात ब्रिजपोर्टजवळचा कनेडियन नदीवरचा १९३३चा पूल एकामागोमाग ३८ लोखंडी कमानींचा आहे. सुंदर आहे, पण गोठत्या सकाळी तिथे जायची घाई नको.

घसरायला लागलात तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, ब्रेकला हात लावल्यासारखंही करू नका, आणि जिकडे जायचंय तिकडे बघून स्टिअरिंग हळू वळवा. समोर काही आलं आणि थांबायलाच हवं असेल तर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक जोरात दाबून तसाच धरून ठेवा. पायाखाली थरथर होते, खडखड आवाज येतो. ते बिघडणं नव्हे, तेच त्याचं काम. घाबरून पाय उचलणं ही नेहमीची चूक. क्रूझ कंट्रोल ओल्या थंडीत बंद, कारण चाक फिरल्याचं त्याला उशिरा कळतं. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. मधे कुणीतरी घुसेल, घुसू द्या.

ओक्लाहोमातल्याच मायॅमी ते अफ्टनमधला नऊ फूट रुंदीचा, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीचा जुना तुकडा बघायची इच्छा अनेकांना असते. समोरून गाडी आली की एक चाक बाजूच्या मातीत उतरवावं लागतं. पाऊस किंवा स्नो होऊन गेला असेल तर ती माती गाडी सोडत नाही. सुरुवातीला उभे राहून फोटो काढा, पुढे निघा.

प्रश्न: मुलगा डॅलसला आहे. जानेवारीत तो आम्हाला ॲमरिलोहून ग्रँड कॅन्यनपर्यंत नेणार आहे. माझं वय ६८, यजमानांचं ७२, त्यांना मधुमेह आहे, इन्शुलिन घेतात. झेपेल का? — पुणे

हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर ७,००० फुटांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. बाकी बहुतेकांना फ्लॅगस्टाफला पहिल्या दिवशी जिना चढताना दम लागतो, झोप तुटक लागते, डोकं जड वाटतं. एक रात्र अल्बुकर्कीला काढून मग वर गेलात तर शरीराला वेळ मिळतो. हवा फार कोरडी असते. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं, नाकात रात्री थोडं तूप किंवा व्हॅसलिन लावायचं, नाहीतर सकाळी रुमालावर रक्त दिसून घाबरायला होतं.

इन्शुलिनचं भारतात आपण उन्हापासून जपतो, इथे उलट. रात्रभर गाडीत राहिलेलं इन्शुलिन गोठतं आणि गोठलेलं वितळलं तरी निकामी असतं, दिसायला अगदी पूर्वीसारखं. ते डिकीत नको, काचेजवळच्या हीटरच्या झोतात नको, मोटेलच्या छोट्या फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून नको. प्रवासात अंगावरच्या आतल्या खिशात सर्वांत सुरक्षित. साखर मोजायचं यंत्रही थंड झालं की चुकीचा आकडा किंवा नुसती चूक दाखवतं. हातात धरून कोमट करा.

कपड्यांत एक जाड कोटापेक्षा तीन पातळ थर. सुती बनियन घामाने ओली राहिली की गारठवते. अंगालगत लोकर किंवा थर्मल. पायांत घालायच्या गोष्टीवर मात्र कंजुषी नको. ग्रँड कॅन्यनच्या काठावरची पायवाट सावलीत बर्फाने गुळगुळीत असते. बुटांवर रबराने चढवायचे छोटे काटे मिळतात, ते दोघांसाठी घ्या आणि बंद खोलीत एकदा घालून बघा. ब्राइट एंजल पायवाटेने खाली उतरू नका. पहिला मैल सावलीत असतो आणि तिथेच माणसं पडतात.

दक्षिण काठ वर्षभर उघडा असतो, उत्तर काठाचा रस्ता हिवाळ्यात बंद. हिवाळ्याचा एक फायदा तुमच्यासारख्यांनाच जास्त: डिसेंबर ते फेब्रुवारी हर्मिट रोडवर खाजगी गाडी नेता येते, एरवी बसनेच जावं लागतं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचं, बघायचं, पुन्हा ऊबेत. परदेशातून आलेल्यांसाठी २०२६पासून प्रवेशाची फी वेगळी आणि बरीच जास्त आहे, मुलाला आधी बघून ठेवायला सांगा. विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे मात्र पुण्यातूनच वाचून निघा.

प्रश्न: भाड्याची गाडी घेणार आहोत. माझा भाऊ नाशिकहून आलाय, त्याच्याकडे भारतीय लायसन्स आहे. काही अडचण? — एडिसन, न्यू जर्सी

महाराष्ट्राचं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी चालतं. तरी आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असलेला बरा. तो भारतातूनच, आरटीओकडून मिळतो (१,००० रुपये, मुदत एक वर्ष). अमेरिकेत आल्यावर काढून देतो म्हणणाऱ्या संकेतस्थळांना पैसे देऊ नका. भावाचं नाव करारात चालक म्हणून घाला, नाहीतर अपघातात विमा हात वर करतो.

करारातली तीन कलमं वाचा: कच्च्या रस्त्यावर नेण्यास बंदी, साखळ्या चढवण्यास बंदी, आणि दुसऱ्या शहरात सोडण्याचं शुल्क. पहिल्या कलमामुळे ग्लेनरिओ ते सॅन हॉन हा टेक्सासच्या सीमेवरचा जुना कच्चा तुकडा तुमच्यासाठी नाही. हिवाळ्यात तो तसाही कुणासाठीच नाही. त्याच्या पूर्वेला ॲलनरीड आणि ग्रूमच्या मधे ‘जेरिको गॅप’ म्हणून भाग होता. १९३०च्या दशकात उशिरापर्यंत तिथे डांबर नव्हतं आणि पावसात गाड्या रुतायच्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत ज्याने एकदा मोटारसायकल ढकलली आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. तिथली मातीही काळी आणि चिकट.

ओक्लाहोमात टर्नर आणि विल रॉजर्स हे टोलरस्ते आहेत. रोख घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि भाड्याची कंपनी टोलवर स्वतःचं रोजचं शुल्क लावून बिल पाठवते. शेजारून जाणारा जुना ६६ फुकट आहे आणि तिथे तो छानही आहे. जीपीएसमध्ये ‘टोल टाळा’ लावा.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीने जावं का? — ऑस्टिन, टेक्सास

इंटरस्टेटला धरून राहिलात तर हो. ॲमरिलो, तुकमकारी, सँटा रोझा, अल्बुकर्की, गॅलप, होलब्रुक, फ्लॅगस्टाफ, किंगमन अशी जलद चार्जिंगची साखळी आहे. शॅमरॉक गावात तर १९३६च्या यू-ड्रॉप इन या देखण्या जुन्या पेट्रोलपंपाच्या आवारातच चार्जर बसवले आहेत.

हिशोब मात्र थंडीचा आणि चढाचा वेगवेगळा करा. थंडीत हीटरसह पल्ला २० ते ४० टक्के घटतो. चढाचं गणित सोपं आहे: दोन टनांची गाडी नीडल्सच्या ५०० फुटांवरून फ्लॅगस्टाफच्या ६,९०० फुटांवर नेण्यात नुसत्या उंचीपोटी सुमारे ११ युनिट वीज जाते. ७५ युनिटची बॅटरी असेल तर हे १५ टक्के झालं, ताशी ७५ मैलांच्या वाऱ्याचा खर्च वेगळाच. किंगमनला भरल्याशिवाय वर जाऊ नका. उतरताना काही वीज परत येते, पण बॅटरी थंड किंवा पूर्ण भरलेली असेल तर गाडी ती घेत नाही आणि नेहमीसारखी आपोआप मंदावतही नाही. पहिल्या उतारावर हे अचानक जाणवतं. चार्जर हा मुक्काम म्हणून गाडीच्या नकाशात घाला, म्हणजे ती वाटेतच बॅटरी गरम करायला घेते. नाहीतर वीस मिनिटांच्या जागी पाऊण तास.

प्रश्न: सेलिगमन-किंगमन-ओटमन हा भाग डिसेंबरात करता येतो का? आमच्याकडे ३२ फुटांची आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) आहे. — फिनिक्स, ॲरिझोना

सेलिगमन ते किंगमन बेलाशक. इंटरस्टेटने ७० मैल, जुन्या रस्त्याने ८७, आणि त्या जास्तीच्या १७ मैलांसाठीच लोक जगभरातून येतात. २२ सप्टेंबर १९७८ रोजी इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि सेलिगमनची गिऱ्हाइकं एका दिवसात आटली. गावातले न्हावी एंजल डेल्गाडिओ यांनी १९८७मध्ये संघटना उभी करून ॲरिझोनाकडून या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ दर्जा मिळवला. आज सगळ्या राज्यांत दिसणाऱ्या पाट्यांची सुरुवात त्या खुर्चीपासून झाली म्हणायला हरकत नाही. सेलिगमनला टाकी भरून निघा, मधल्या गावांवर भिस्त ठेवू नका.

ओटमनचा रस्ता वेगळा. साधारण ३,५०० फुटांच्या सिटग्रीव्ह्ज खिंडीतून जातो. तुटक वळणं, कठडे जवळजवळ नाहीत. ४० फुटांवरच्या गाड्यांना बंदी आहे. तुमची ३२ फुटांची कायद्याने बसते, वळणावर बसेलच असं नाही, आणि मागे गाडी जोडली असेल तर विषयच संपला. आरव्ही किंगमनला ठेवा, छोट्या गाडीने जा. किंगमन ते ओटमन २८ मैल, दीड तास धरा. स्नो क्वचित, पण सकाळी सावलीच्या वळणांवर बर्फ असतो; दहानंतर निघा. गावात फिरणारी गाढवं ही खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांची वंशावळ, केंद्रीय कायद्याने संरक्षित. खायला घालू नका; खिडकीतून डोकं आत घालतात आणि मग बाहेर काढत नाहीत.

पुढे कॅलिफोर्नियात एसेक्स-ॲम्बॉय भागातले जुने लाकडी पूल पुरांनी खिळखिळे केले आहेत आणि काही टप्पे वर्षानुवर्षं बंद आहेत. ‘रोड क्लोज्ड’ची पाटी ओलांडून वाळूतून वळसा घालणाऱ्यांना ओढून काढायचा खर्च मोठा येतो. सॅन बर्नार्डिनो काउंटीची ताजी सूचना बघूनच ठरवा.

प्रश्न: हिवाळ्यात सगळं बंद असतं म्हणतात. मग बघायचं काय? — शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

सगळं नाही, पण घरगुती चालणारी खानावळ, छोटी संग्रहालयं आणि काही मोटेल जानेवारी-फेब्रुवारीत सुट्टी घेतात. फोन करून जा, संकेतस्थळावरची वेळ खरी धरू नका. पेट्रिफाइड फॉरेस्ट हे एकच राष्ट्रीय उद्यान, ज्याच्या आत ६६चा तुकडा आहे. टेलिफोनचे जुने खांब आणि १९३२ची गंजलेली स्टुडबेकर तिथे उभी आहे. फाटक संध्याकाळी पाचला बंद होतं आणि गाडी आत अडकलेली त्यांना आवडत नाही. मिझुरीतल्या मेरामेक गुहा वर्षभर ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे बाहेर पाणी गोठत असताना चक्क उबदार.

आणि निऑन. जूनमध्ये तुकमकारीच्या पाट्या पेटायला रात्रीचे नऊ वाजतात. डिसेंबरात सहाला, जेवणाआधी, मुलं जागी असताना. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी अल्बुकर्कीच्या ओल्ड टाउनमध्ये असाल तर कागदी पिशवीत वाळू आणि वाळूत मेणबत्ती, अशा शेकडो दिव्यांच्या रांगा दिसतील. अल्बुकर्कीत त्यांना ‘लुमिनारिया’ म्हणतात, सँटा फेला ‘फारोलितो’, आणि कोणता शब्द बरोबर यावर दोन्ही गावांचं एकमत नाही. १९३७पर्यंत ६६ सँटा फेवरूनच जायचा, त्यामुळे तिकडचा वळसाही शास्त्रशुद्ध.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. ओक्लाहोमा-टेक्सासात उपाशी राहायची वेळ येईल का? — सिएटल, वॉशिंग्टन

नाही, पण प्रश्न नीट विचारावे लागतील. ‘मांस नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण डुकराची चरबी त्यांच्या हिशोबात मांस नसते. न्यू मेक्सिकोत राजमा-बीन्समध्ये आणि मैद्याच्या टॉर्टियात ‘लार्ड’ आहे का, भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का, हिरव्या मिरचीच्या सॉसमध्ये पोर्क आहे का, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. मिरची लाल की हिरवी असं विचारलं आणि दोन्ही हवी असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं.

इंटरस्टेट ४०वर पंजाबी ट्रकवाले खूप आहेत, म्हणून ट्रकथांब्यांवर ढाबेही आहेत: ओक्लाहोमात सेअरजवळ, टेक्सासात वेगाला. डाळ-रोटी गरम मिळते. खोलीत भात लावणार असाल तर फ्लॅगस्टाफला पाणी ९३ अंश सेल्सिअसलाच उकळतं. साध्या इलेक्ट्रिक भांड्यात पाव वाटी पाणी आणि दहा मिनिटं जास्त द्या, तूरडाळीचा नाद सोडा, मुगाची न्या. दाबाचा कुकर असेल तर फारसा फरक नाही. पण आधी मोटेलवाल्यांना विचारा. बरीच मोटेल गुजराती कुटुंबांची आहेत. फोडणीचा वास कुठल्या खोलीतून येतोय ते त्यांना लगेच कळतं.

प्रश्न: वाटेतच इंटरस्टेट बंद झाला आणि गाडी अडकली तर? — ओव्हरलँड पार्क, कॅन्सस

अडकण्याच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची. रोज रात्री आणि सकाळी राष्ट्रीय हवामान सेवेच्या पानावर पुढच्या मुक्कामाचंच नव्हे, मधल्या सर्वांत उंच जागेचं भाकीत बघा. ‘वॉच’ म्हणजे शक्यता, ‘वॉर्निंग’ म्हणजे येतंय किंवा आलंय. रस्त्यांसाठी ५११ हा फोन क्रमांक बऱ्याच राज्यांत चालतो. टेक्सासचं ‘ड्राइव्ह टेक्सास’ आणि न्यू मेक्सिकोचं ‘एनएम रोड्स’ हे नकाशे विश्वासार्ह. टेक्सासच्या ॲमरिलोकडच्या टोकाला स्नो थोडाच पडतो पण वारा त्याला आडवा उडवतो, आणि ॲमरिलो-तुकमकारीत रस्ता बंद झाला की तासाभरात छोट्या गावांतल्या खोल्या संपतात. म्हणून ‘वॉर्निंग’ वाचताच खोली घ्या, पोहोचल्यावर नव्हे.

जीपीएस अशा वेळी हौसेने पर्यायी वाट दाखवतं. ॲरिझोनात ती वाट जंगलखात्याची किंवा आदिवासी राखीव भागातली कच्ची वाट असते, फोनला रेंज नसते आणि स्नो काढायला कुणी येत नाही. ती घेऊ नका.

खरंच अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही. इंजिन तासातून दहा मिनिटं चालवा, आणि प्रत्येक वेळी त्याआधी मागचा धुराचा पाइप स्नोने बुजलेला नाही ना ते उतरून बघा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. गाडीत माणशी एक पांघरूण, फावडं, टॉर्च, फोनची भरलेली बॅटरी, जंप देणारा पॅक, चाकाखाली टाकायला मांजराच्या मातीची (कॅट लिटर) दहा पौंडांची पिशवी, आणि न शिजवता खाता येईल असं एका दिवसाचं खाणं. पाण्याच्या बाटल्या पाऊण भरा आणि आत सीटजवळ ठेवा. डिकीतल्या काठोकाठ भरलेल्या बाटल्या रात्री फुटतात.

प्रश्न: ह्यूस्टनच्या अंगणातला कढीपत्ता बहिणीसाठी लॉस एंजेलिसला न्यायचा आहे. गाडीत चालेल ना? — ह्यूस्टन, टेक्सास

नाही. नीडल्सला इंटरस्टेट ४०वर कॅलिफोर्नियाची शेतमाल तपासणी चौकी आहे, तिथे थांबवून फळं-झाडं विचारतात. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. संत्र्या-लिंबांचा रोग पसरवणारा किडा त्यावरही जगतो, म्हणून ताजी पानं आणि रोप दोन्ही काढून घेतात. घरची लिंबं-संत्रीही तशीच. बहिणीला तिकडच्या भारतीय दुकानातून घ्यायला सांगा आणि तुम्ही मेतकूट न्या.